सोसायटीतलं झाड कापायला परवानगी कुणाची लागते? कायदा, बुंध्यावरची नोटीस आणि हातात असलेले १५ दिवस

मे महिना संपत आला की शहरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडांचा विषय हमखास निघतो. कुणाच्या गाडीवर गुलमोहराची फांदी आलेली असते. कुणाच्या गच्चीचं पाणी जाण्याची जागा आंब्याच्या पाल्यानं तुंबलेली असते. पहिल्या मजल्यावरच्यांना घरात उजेड हवा असतो, तर चौथ्या मजल्यावरच्यांना खिडकीतली सावली जाऊ द्यायची नसते. दोन दिवस चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी कुणाला तरी बोलावून घेतात. दुपारपर्यंत फांद्या खाली आलेल्या असतात, कधी कधी अख्खं झाडच.

जागा सोसायटीची, झाड सोसायटीचं, कापायचा खर्चही सोसायटीचा. मग विचारायचं कुणाला, असं बहुतेकांना वाटतं.

महाराष्ट्रातल्या शहरांपुरतं याचं उत्तर १९७५ पासून कायद्यात लिहिलेलं आहे. झाड खासगी जागेत असलं, तुम्ही स्वतः लावलेलं असलं, तरी पूर्वपरवानगीशिवाय ते तोडता येत नाही. परवानगी देण्याची पद्धतही कायद्यानं ठरवून दिली आहे. तिच्यात सामान्य रहिवाशाला हरकत घेण्याची जागा आहे, पण ती फार थोड्या दिवसांची असते. नोटीस वेळेत वाचली गेली नाही तर ती हातातून जाते.

शहरातली झाडं आहेत कुठे?

'वाचवा' म्हटलं की डोळ्यांसमोर रस्त्याकडेचं झाड येतं. आकडे वेगळं सांगतात. मुंबई महापालिकेच्या २०१८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत शहरात एकूण २९ लाख ७५ हजार २८३ झाडं मोजली गेली. त्यातली रस्त्याकडेची झाडं होती १ लाख ८५ हजार ३३३. उद्यानांतली १ लाख १ हजार ६७. सरकारी आवारांमध्ये ११ लाख २५ हजार १८२. आणि खासगी आवारांमध्ये तब्बल १५ लाख ६३ हजार ७०१.

म्हणजे मुंबईतली निम्म्याहून अधिक झाडं सोसायट्या, बंगले, चाळी, शाळा, कारखाने अशांच्या कुंपणाआड आहेत. त्यांचं काय होणार हे बऱ्याचदा कमिटीच्या बैठकीत ठरतं. म्हणूनच हा कायदा रस्त्यावरच्या झाडांपुरता ठेवलेला नाही.

कायदा कोणता?

पूर्ण नाव आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. बोलताना सगळे 'वृक्ष कायदा' म्हणतात. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत तो चालतो. त्यानुसार प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असतं. महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, नगरसेवक सदस्य असतात आणि बाहेरचे जाणकारही घेता येतात. रोजचं काम वृक्ष अधिकारी पाहतात. प्रत्यक्षात लोकांची गाठ पडते ती उद्यान विभागाशी. अर्ज, पाहणी, नोटीस, दंड हे सगळं तिथूनच फिरतं. दर ५ वर्षांनी झाडं मोजणं हेही प्राधिकरणाचं कर्तव्य आहे.

जाणकार सदस्यांची तरतूद शोभेची आहे असं कुणाला वाटत असेल, तर २०१८ ची आठवण पुरेशी आहे. मुंबईच्या प्राधिकरणावर झाडांचं ज्ञान असलेले तज्ज्ञ नाहीत या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं कामकाजच रोखलं होतं. त्यानंतर तज्ज्ञ नेमण्याची हालचाल झाली. पुढे २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. लोकांच्या वतीनं प्रश्न विचारणारे नगरसेवकच काही वर्षं प्राधिकरणात नव्हते.

'तोडणं' म्हणजे काय?

बुंध्यावर करवत चालली म्हणजेच झाड तोडलं, असं आपण समजतो. कायद्याची व्याख्या याहून मोठी आहे. झाड जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणं हे सगळं 'तोडणं' या शब्दात येतं.

त्यामुळे बुंध्याला भोकं पाडून रसायन ओतणं, साल गोल सोलून काढणं, मुळाशी कचरा पेटवणं, शेंड्यासकट सगळ्या फांद्या छाटून झाड बोडकं करून ठेवणं हेही परवानगीशिवाय केलं तर गुन्हाच ठरू शकतो. झाड उभं असलं तरी.

विषप्रयोग ही ऐकीव गोष्ट नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्या भागात होर्डिंग नीट दिसावं म्हणून झाडांवर विषप्रयोग झाल्याची तक्रार महापालिकेनं त्या दुर्घटनेच्या आधीच पोलिसांत दिलेली होती, हे नंतर चर्चेत आलं.

खिळे ठोकणं, बोर्ड लावणं, दिव्यांच्या माळांच्या तारा आवळून बांधणं यांनीही झाडाला इजा होते. पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये तरुण कार्यकर्त्यांनी झाडांचे खिळे उपटून काढण्याच्या मोहिमा चालवल्या त्या यासाठीच. आणि सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा, पण कुणालाच गुन्हा न वाटणारा प्रकार म्हणजे बुंध्याला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉक. आळंच शिल्लक नसलं की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, मुळं कमजोर होतात आणि मग एखाद्या वादळात झाड आडवं होतं. दोष मात्र झाडाला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला आणि झाडांवरचे खिळे, फलक हटवायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीचा असला तरी एक मीटरचं हे माप कुठल्याही सोसायटीनं पार्किंग आखताना लक्षात ठेवण्यासारखं आहे.

परवानगी कशी मिळते?

प्रक्रियेचा गाभा कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. ज्याला झाड तोडायचं आहे त्यानं लेखी अर्ज करायचा. झाड कुठे आहे याचा नकाशा जोडायचा आणि कारण सांगायचं. सोसायटीच्या आवारातल्या झाडासाठी हा अर्ज सोसायटीच्या नावानं जातो. एखाद्या सभासदाला स्वतःच्या खिडकीसमोरचं झाड आपल्या मर्जीनं पाडता येत नाही, कारण जमीन त्याच्या एकट्याची नसते. त्यामुळे असा अर्ज कमिटीच्या ठरावानं झाला का, सर्वसाधारण सभेत विषय आला होता का, हे विचारण्याचा सभासदांना पूर्ण हक्क आहे.

अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन झाडाची पाहणी करायची असते. टेबलावर बसून मंजुरी द्यायची नाही. त्यानंतरचा टप्पा रहिवाशांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. झाड तोडण्याच्या प्रस्तावाची जाहीर नोटीस स्थानिक वृत्तपत्रात द्यावी लागते आणि त्या झाडावरही, सहज दिसेल अशा जागी, नोटीस लावावी लागते.

बुंध्यावर चिकटवलेला तो कागद अनेकांनी पाहिलेला असतो, पण थांबून वाचलेला नसतो. त्यावर प्रस्ताव कुणाचा, झाडं किती, कोणत्या कारणासाठी आणि हरकत कुठे, किती दिवसांत द्यायची हे लिहिलेलं असतं. पावसात कागद भिजतो, कुणी तरी फाडतो, कधी तो अशा बाजूला लावलेला असतो की तिथे जायला कुंपण ओलांडावं लागेल. नोटीस दिसताच तिचा आणि झाडाचा एकत्र फोटो काढून ठेवणं म्हणूनच गरजेचं. नोटीस लागलीच नव्हती किंवा दिसत नव्हती, हा पुढे न्यायालयातही मोठा मुद्दा होऊ शकतो.

प्राधिकरणानं अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. परवानगी मिळाली तरी करवत लगेच चालवता येत नाही. परवानगीनंतर १५ दिवस थांबावं लागतं. या काळात कुणी हरकत घेतली तर विषय फेरविचारासाठी पुन्हा प्राधिकरणापुढे जातो.

हे १५ दिवस कधी सुरू होतात, यावरून राज्यातला सगळ्यात गाजलेला वाद झाला. मुंबईत मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेमधली २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं दुसरीकडे लावायला वृक्ष प्राधिकरणानं २०१९ च्या ऑगस्टअखेर मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडू लागली. आंदोलकांचं म्हणणं होतं की परवानगीचं पत्र संकेतस्थळावर आत्ता आलं, १५ दिवस आत्ता सुरू होतात. मेट्रो प्रशासनाचं म्हणणं होतं की आदेश १३ सप्टेंबरचा आहे, मुदत २८ सप्टेंबरलाच संपली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं 'जैसे थे'चा आदेश दिला, तोवर २,१४१ झाडं जमिनीवर होती.

आरेचं पुढे काय व्हायला हवं होतं यावर मतं वेगवेगळी असू शकतात. पण रहिवाशांच्या कामाची गोष्ट तिथे स्पष्ट दिसते. परवानगीची तारीख माहीत नसेल तर १५ दिवस कधी संपले हेही कळत नाही. म्हणून झाडावर नोटीस दिसली की उद्यान विभागाकडे लेखी विचारणा करून निर्णयाची प्रत मागणं हे हरकतीइतकंच महत्त्वाचं.

कोणत्या कारणासाठी परवानगी नाकारता येत नाही?

हा कायदा 'काहीही झालं तरी झाड राहिलंच पाहिजे' असं म्हणत नाही. झाड मेलेलं असेल, रोगट असेल, वाऱ्यानं उन्मळलं असेल, आग, वीज किंवा पावसानं त्याचं मोठं नुकसान झालं असेल, वाहतुकीला अडथळा होत असेल किंवा जीविताला, मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असंही त्यात आहे.

यातला 'धोका' हा शब्द दोन्ही बाजूंनी ताणला जातो. उजेड अडतो, पाला पडतो, पक्षी घाण करतात, वास्तुशास्त्रात बसत नाही, या तक्रारी अर्जात हळूच 'धोकादायक' बनून येतात. पण उलटही घडतं. जुलै २०१७ मध्ये चेंबूरमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळच्या बातम्यांनुसार, ते झाड काढण्यासाठी महापालिकेकडे आधीच अर्ज झाला होता आणि पाहणीत झाड ठीक असल्याचं ठरलं होतं. अशा घटनेनंतर कुठल्या कमिटीनं 'नंतर बघू' म्हणावं?

त्यामुळे पाहणी कशी होते याला महत्त्व आहे. झाड नुसतं एका बाजूला कललं आहे म्हणून ते धोकादायक ठरत नाही, कारण अनेक झाडं उजेडाच्या दिशेनं कलतच वाढतात. बुंध्यात पोकळी, बुंध्यावर आलेल्या भूछत्रांसारख्या बुरशा, मुळाजवळ उचललेली किंवा भेगाळलेली जमीन, अचानक वाढलेला कल, वाळलेला शेंडा ही लक्षणं अधिक बोलकी. सोसायटीला खरंच भीती वाटत असेल तर अर्जात नुसतं 'धोकादायक' न लिहिता ही लक्षणं फोटोंसह नोंदवावीत. झाड वाचवायचं असणाऱ्यांनीही भावनेपेक्षा हाच पुरावा मागावा.

झाड प्रत्यक्ष कोसळत असेल किंवा कोसळलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अग्निशमन दलाला बोलवायचं. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे.

छाटणीला परवानगी लागते का?

लागते. आणि सगळ्यात जास्त झाडं इथेच फसतात.

पावसाळ्याआधी महापालिका रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करते आणि खासगी आवारांतल्या झाडांची छाटणी करून घ्या असं आवाहनही दरवर्षी करते. आवाराच्या आतल्या झाडाची देखभाल आणि खर्च मालकाचा म्हणजे सोसायटीचा. पण आवाहन म्हणजे सरसकट परवानगी नव्हे. अर्ज करायचा, पाहणी होते, किती आणि कोणत्या फांद्या काढायच्या हे ठरतं आणि मग ते काम होतं.

कागदावर 'फांद्यांची छाटणी' आणि प्रत्यक्षात नुसता बुंधा उरलेला, हे दृश्य कुठल्याही शहरात दिसेल. एका बाजूच्याच सगळ्या फांद्या काढल्या की झाडाचा तोल जातो आणि जे झाड धोकादायक नव्हतं ते होतं. शेंडा छाटलेल्या जागी फुटणारे नवे धुमारे वरवर जोमदार दिसतात, पण त्यांची पकड कच्ची असते आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात तुटून पडतात. मजूर परवानगीचा कागद वाचत नाही, त्याला लाकूड आणि मजुरी दिसते. छाटणीच्या दिवशी परवानगीची प्रत घेऊन कमिटीतल्या एकानं झाडाखाली उभं राहणं हा साधा उपाय आहे. तो फारसं कुणी करत नाही.

शेजारच्या झाडाच्या फांद्या तुमच्या आवारात आल्या असतील तर? त्रास होत असेल तर तक्रार करण्याचा हक्क आहेच. पण 'आमच्या हद्दीत आलेली फांदी आमची' म्हणून स्वतःच कोयता चालवला तर वृक्ष कायदा आड येतो. अर्ज कुणीही केला तरी परवानगीची वाट तीच.

आणखी एक कायदा इथे विसरला जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी-घरटी विस्कटणंही धरलं आहे. शहरात बगळे, ढोकरी यांच्या वसाहती पावसाच्या तोंडावर मोठ्या झाडांवर भरतात, म्हणजे नेमकी सोसायट्यांना छाटणी आठवते तेव्हाच. घरट्यात पिल्लं असताना फांदी पाडणं हे वेगळं प्रकरण होऊ शकतं. पाहणीच्या वेळी घरटी दाखवून द्या, छाटणी थोडी पुढे ढकलता येते.

पुनर्विकास आला की

जुनी चार मजली इमारत पाडून टॉवर उभा राहणार असतो तेव्हा झाडांचा हिशेब तीन रकान्यांत येतो. किती झाडं राहणार, किती दुसरीकडे हलवणार, किती तोडणार. सभासदांच्या हातात कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस यांची पत्रकं असतात. झाडांची यादी मात्र वास्तुविशारदाच्या फाइलमध्ये राहते आणि रहिवाशांना ती प्रथम दिसते ती बुंध्यावरच्या नोटिशीत. तोवर आराखडा पक्का झालेला असतो. खरा प्रश्न त्याआधीच विचारायला हवा. पार्किंगचा उतार चार मीटर सरकवला तर तो जुना आंबा वाचतो का?

२०२१ च्या दुरुस्तीनं या टप्प्यावर बरंच बदललं. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला कायद्यात 'हेरिटेज ट्री', म्हणजे वारसा वृक्ष असं स्थान मिळालं. साठच्या, सत्तरच्या दशकात वसलेल्या वसाहतींमध्ये पहिल्या रहिवाशांनी लावलेली झाडं आज या वयात आली आहेत. अशी झाडं तोडण्याचा किंवा ५ वर्षांहून अधिक वयाची २०० किंवा त्यापेक्षा जास्त झाडं तोडण्याचा प्रस्ताव असेल, तर तो राज्यस्तरीय वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूद झाली.

भरपाईचं गणितही बदललं. पूर्वी तोडलेल्या झाडाच्या बदल्यात ३० दिवसांत दुसरं झाड लावण्याची अट घालता येत असे. आता तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. ४० वर्षांच्या झाडाबदली ४० रोपं, तीही किमान ६ ते ८ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली आणि ७ वर्षं सांभाळायची. ऐकायला भरघोस वाटतं. पण ही ४० रोपं त्याच आवारात मावत नाहीत, ती शहराच्या दुसऱ्या टोकाला लागतात. सावली गेली दादरची आणि रोपं लागली गोराईला, तर दादरच्या गल्लीत काय परत आलं? कायदा झाडांची संख्या भरून काढायला सांगतो, जागेची भरपाई तो करू शकत नाही.

म्हणून वय कसं ठरवलं हे पाहणं आलं. झाडाचं वय यादीत कमी दाखवलं की रोपांची संख्या घटते आणि वारसा वृक्षाचा दर्जाही टळतो. जुन्या रहिवाशांकडे असलेले लग्न-मुंजीचे फोटो, ज्यांत मागे ते झाड दिसतं, हा इथे उत्तम पुरावा ठरू शकतो.

संख्येचा खेळ याआधीही झाला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं २५ पर्यंत झाडांचा निर्णय प्राधिकरणाऐवजी आयुक्तांना घेता येईल अशी सोय केली. तेव्हा मोठ्या प्रकल्पांचे २५ च्या आतले तुकडे पाडले जातील असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी घेतला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

'हलवणार' हा रकाना सगळ्यात गोड दिसतो. तो नीट वाचावा. मोठं झाड हलवायचं तर आधी काही आठवडे टप्प्याटप्प्यानं मुळं छाटावी लागतात, मातीचा गोळा मोठा ठेवावा लागतो, नव्या जागी दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागतं. क्रेननं उपटून खड्ड्यात उभं केलेलं झाड हे बहुतेक वेळा उशिरा तोडलेलं झाड असतं. हलवलेल्या झाडाचा पत्ता काय आणि वर्षभरानं ते जिवंत आहे का, हे दोन प्रश्न माहिती अधिकारातून विचारता येतात.

शिक्षा किती?

मूळ कायद्यात परवानगीशिवाय झाड तोडल्यास किमान एक हजार ते कमाल ५ हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद अशी शिक्षा होती. १९७५ साली ५ हजार मोठी रक्कम होती. चाळीस वर्षांनी ती बिल्डरच्या एका दिवसाच्या चहापाण्याचीही उरली नाही. २०२१ मध्ये दंडाची मर्यादा प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. दहा झाडं पाडली तर गुन्हाही दहा झाडांचा धरला जातो.

न्यायालयंही अलीकडे रकमेची भाषा बोलू लागली आहेत. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये एका झाडाचं मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरलं, त्याला झाडाच्या वयानं गुणायचं. मार्च २०२५ मध्ये ताजमहाल परिसरासाठीच्या संरक्षित पट्ट्यात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येकी एक लाखाचा दंड कायम ठेवला. आरेच्याच प्रकरणात, ८४ झाडांची मुभा दिलेली असताना मेट्रो प्रशासन जास्त झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेलं म्हणून २०२३ मध्ये न्यायालयानं १० लाख रुपये भरायला लावले. मात्र त्याच आदेशात १७७ झाडं काढायची परवानगीही दिली.

गावात आणि गोव्यात

ग्रामपंचायत हद्दीत १९७५ चा हा कायदा लागत नाही. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे आणि तो ठरावीक प्रजातींपुरता आहे. आंबा, फणस, साग, खैर, हिरडा, चिंच ही त्यातली काही नावं. शहराला लागून वाढलेल्या वसाहतींनी आपली हद्द कुणाची हे आधी पाहावं, कारण हद्दवाढ झाली की कायदाही बदलतो.

गोव्याचा कायदा १९८४ चा. तिथे २०१६ मध्ये एक अजब प्रसंग घडला. विधानसभेनं दुरुस्ती करून माडाला 'झाड' या व्याख्येतून बाहेर काढलं. माड झाड नाही म्हटल्यावर तो तोडायला परवानगीही नको. यावर एवढा गदारोळ झाला की २०१७ मध्ये नव्या सरकारनं माडाला पुन्हा संरक्षण दिलं.

करवत चालू असताना काय करायचं?

पहिली गोष्ट, परवानगीची प्रत मागा. काम करणाऱ्यांकडे किंवा सोसायटीकडे ती असायला हवी. प्रत असेल तर तीन गोष्टी वाचा. झाडाची संख्या आणि जात, तोडणी की छाटणी, आणि तारीख. तारखेपासून १५ दिवस झालेले आहेत का ते मोजा.

प्रत नसेल तर विभाग कार्यालयातल्या उद्यान विभागाला आणि वृक्ष अधिकाऱ्याला फोन करा, सोबत महापालिकेच्या ॲपवर किंवा ईमेलवर फोटोंसह तक्रार टाका. फोन विसरला जातो, तक्रार क्रमांक राहतो. काम थांबत नसेल तर पोलिसांना बोलावता येतं. मजुरांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, त्यांना आणलंय दुसऱ्याच कुणी. फोटोत बुंधा, कापलेलं लाकूड, वाहनाचा क्रमांक आणि मागची ओळखू येणारी इमारत येऊ द्या. लाकूड गाडीत भरून गेलं आणि बुडख्यावर फरशी बसली की पंचनाम्याला काही उरत नाही.

झाड आधीच पडलं असेल तरीही तक्रार करावी. पंचनामा झाला तर दंड होतो आणि बदली झाडं लावायची जबाबदारी ठरते. दोन-तीन आठवड्यांत हालचाल झाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'झाड का तोडलं?' असं विचारलं तर उत्तर येत नाही, कागद मागावे लागतात. अमुक पत्त्यावरच्या झाडांबाबतचा अर्ज, पाहणी अहवाल, वृत्तपत्रातली नोटीस, परवानगीपत्र आणि बदली रोपांची जागा, या पाच गोष्टींच्या प्रती मागितल्या की बहुतेक प्रकरण समोर येतं.

आणि नोटीस नुकतीच लागली असेल, तर हरकत साध्या कागदावर मराठीत लिहिली तरी चालते. झाडाचा क्रमांक, पत्ता, नोटिशीची तारीख, झाड का तोडू नये याची दोन-तीन ठोस कारणं आणि शक्य असेल तर पर्याय, म्हणजे कोणती फांदी काढून काम भागेल किंवा बांधकाम कुठे सरकवता येईल. खाली सह्या जितक्या जास्त तितकं बरं, पण एका सहीची हरकतही घ्यावी लागते. कागद उद्यान विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची.